उलट्या लेफ्टीची शिरगणती

मर्ल डिट्झलरने आयुष्यात एकदाही स्वतःहून भांडण उकरून काढलेलं नाही. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, आणि कुणी शंका घेतली तर त्याच्याशी भांडतो. त्यामुळे ओहायोतल्या ग्रँजर फॉल्स गावात त्या वसंतात जे काही झालं, त्याची सुरुवात त्याने केली नाही, सूचीने केली, असं आपणही धरून चालू.

सूची म्हणजे गावातल्या बेसबॉल कार्ड संग्राहक मंडळाची सूची. चाळीस पानं, मध्ये दोन टाचण्या, दर पाच वर्षांनी नवी आवृत्ती. तिचे संपादक डॉक्टर ग्रोव्हर प्लँक. हे निवृत्त दंतवैद्य मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार आणि नियमावलीचे लेखकही होते. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ल्यूथरन चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण व्हायचं आणि मग मंडळाची सभा. अशाच एका सभेत नव्या सूचीची कच्ची प्रत हातोहात फिरली. मर्लच्या बोटांना अजून माशाचं तेल होतं, म्हणून त्याने ती कागदी रुमालाने धरून उघडली, थेट सतरा नंबरच्या कार्डावर गेला आणि जागच्या जागी उभा राहिला.

सतरा नंबर म्हणजे लेफ्टी हॉलोवे. पन्नास साली गावातली ऑटरबाइन बेकरी पावाच्या प्रत्येक लादीबरोबर गावच्या मिलर्स संघातल्या एका खेळाडूचं फोटो छापलेलं कार्ड द्यायची. लेफ्टी हा संघाचा डावखुरा गोलंदाज. छापखान्यात कुणीतरी त्याच्या फोटोची फिल्म उलटी ठेवली आणि लेफ्टी उजव्या हाताने चेंडू फेकताना छापला गेला. खुद्द लेफ्टीच्या आईने बेकरीत जाऊन आरडाओरडा केल्यावर चूक दुरुस्त झाली. तेव्हापासून गावात दोन लेफ्टी आहेत: उलटा आणि सुलटा. उलटा थोडे दिवसच छापला गेला, म्हणजे तोच दुर्मीळ, हे मर्ल नऊ वर्षांचा असल्यापासून मानत आला होता. कारण त्याला पावात सापडला तो उलटा. ते कार्ड आजही सिगारच्या पत्र्याच्या डबीत, मोज्यांच्या खणात असे, आणि त्याची बायको डॉटीसुद्धा त्या डबीला हात लावत नसे.

सूचीत छापलं होतं: उलटा, सामान्य. सुलटा, सामान्य.

"डॉक्टर, हे 'सामान्य' कुठून आणलंत?"

"अनुभवातून," डॉक्टर मासा चावत म्हणाले.

"मोजलेत का तुम्ही?"

"अरे मर्ल, चाळीस वर्षं दात काढलेत मी. तोंडात नुसतं डोकावलं की कळायचं, कुठला हलतोय ते."

"कार्डं काय लोकांच्या तोंडात असतात?"

सगळं तळघर हसलं. डॉक्टरांना ते लागलं. त्यांनी काटा खाली ठेवला. "हे बघ, नियम साधा आहे. पंधराच्या आत निघाली तर दुर्मीळ. नाहीतर सामान्य. दोन महिन्यांनी सूची छपाईला जाते. तोवर सिद्ध कर, मी स्वतःच्या हाताने 'दुर्मीळ' लिहितो. आणि नाही जमलं तर यापुढे सभेत गुपचूप मासे खायचे."

आता असल्या बोलण्यानंतर माणसाने काय करायचं? मर्लने एकतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात घरोघरचे मीटर वाचले होते. कुत्री चावली, लोक खोटं बोलले, तळघरांत साप निघाले, पण आकडा त्याने कधी अंदाजाने लिहिला नाही. मोजण्याच्या बाबतीत त्याला कुणी आव्हान द्यावं आणि तेही एका दंतवैद्याने, हे सहन होण्यासारखं नव्हतंच.

घरी आल्याआल्या त्याने प्लायवुडची फळी रंगवली: "लेफ्टी असेल तर घेऊन या. विकत घेणार नाही. फक्त बघणार. शनिवारी दहा ते पाच." पाटी अंगणात रोवली. पहिल्या शनिवारी दोन माणसं आली. एकाला गवत कापायचं यंत्र विकायचं होतं. दुसरा शेजारचा रे बॉन्ट्रेगर, तो तसाही रोज यायचा.

"फक्त बघणार म्हणे!" डॉटी म्हणाली. "नुसतं बघायला कोण येतंय तुझ्याकडे? कॉफी ठेव. मी दालचिनीचा केक करते."

हा सल्ला मर्लने ऐकला. संशोधनात जेवढ्या म्हणून चुका करता येतात, त्यातली सगळ्यात मोठी ही होती, पण त्या वेळी केकचा वास इतका चांगला येत होता की कुणालाच ते सुचलं नाही.

पुढच्या शनिवारी दारात रांग लागली. ऐंशीच्या घरातल्या ओबरहोल्ट्झबाई आल्या, न्हावी आला, शाळेचा बसचालक आला, चर्चमधली पेटी वाजवणारी बाई तीनदा आली. जो कार्ड दाखवेल त्याला कॉफी आणि केकचा चौकोन. मर्ल भिंग लावून बघायचा, वहीत रेघ मारायचा, कार्ड कडेने धरून अदबीने परत द्यायचा. केक गोड होता, आणि त्यात गावात दुसरं काही चालूही नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी नगरपालिकेचे लेलंड क्रुप आले. हातात दोन नोटिसा. एक, अंगणातली पाटी नियमापेक्षा सहा इंच रुंद. दोन, परवान्याशिवाय जनतेला खाद्यपदार्थ वाटणे.

"जनता कुठली? पाहुणे आहेत माझे," मर्ल म्हणाला.

"एका दिवसात पंचेचाळीस पाहुणे?"

"माझा लोकसंग्रह मोठा आहे."

क्रुपसाहेबांनी सुस्कारा सोडून एक अर्ज काढला. त्यात 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा रकाना होता. मर्लने ठळक अक्षरात लिहिलं, 'शिरगणती'. साहेबांनी यादी चाळली. शिरगणती त्यात नव्हती. जवळात जवळचा प्रकार म्हणजे जत्रा, आणि जत्रेला दोन फिरती शौचालयं ठेवणं बंधनकारक होतं.

"शौचालयं मी ठेवणार नाही," मर्ल म्हणाला. "आणि पाटी काढणार नाही. तुमचा नियम अंगणातल्या पाटीचा आहे ना? ही घ्या." त्याने पाटी उपटली, घरात नेली आणि आतून खिडकीला टेकवून ठेवली. खिडकी पूर्ण झाकली गेली. डॉटीला दिवसा दिवा लावावा लागला. पण नियमात खिडकीबद्दल अक्षरही नव्हतं, हे साहेबांना मान्य करावं लागलं. मान्य करता करता त्यांनी केकचे दोन तुकडे खाल्ले. त्याच दुपारी ते पुन्हा आले ते एक उलटा लेफ्टी घेऊन.

संध्याकाळी मर्लने आजवरच्या रेघा मोजल्या आणि त्याचा चेहरा पडला. उलटे एकाहत्तर. सुलटे चोवीस.

म्हणजे ज्याला तो जन्मभर दुर्मीळ म्हणत होता, तो तिप्पट निघाला. मर्ल हा आकडा लपवू शकला असता. पण एकतीस वर्षांत मीटरचा आकडा ज्याने लपवला नाही, तो आता कसा लपवणार? पुढच्या शुक्रवारी त्याने तो सभेत मोठ्याने वाचला. डॉक्टर प्लँक उभे राहिले, पाण्याचा पेला उंचावला आणि म्हणाले, "मित्रहो, उलटा लेफ्टी आता गावात पावापेक्षा जास्त झालाय! मर्ल, बाबा, तू मासे खा." मर्लने ताट सरकवलं आणि न जेवता घरी गेला. वाईट वाटलं त्याला.

दुसऱ्या दिवशी मोजणी बंद करावी असं त्याच्या मनात होतं. पण लोक आलेच. पहिल्या ओबरहोल्ट्झबाई. त्यांच्या कार्डावर लेफ्टीच्या गुडघ्याशी लोण्याचा डाग होता, बुटाच्या आकाराचा. पाऊण तासाने न्हावी आला. त्याच्याही लेफ्टीच्या गुडघ्याशी बूट. मर्लने भिंग पुसलं. मग रे आला. पुन्हा बूट, टाचेसकट.

"रे, हे कार्ड कुणाचं?"

"माझं."

"रे."

"म्हणजे आज माझंच म्हणायचं," रे जमिनीकडे बघत म्हणाला. "सकाळी ओबरहोल्ट्झबाईंचं होतं. अरे, आमच्या अख्ख्या गल्लीत मिळून चार लेफ्टी आहेत. आम्ही आळीपाळीने आणतो. क्रुपनं तर न्हाव्याकडून मागून आणलं होतं. तूच सांग, केक काय कार्ड नसलेल्यांनी खायचाच नाही का?"

"आणि सगळे उलटेच का आणता?"

"तुला उलटा बघितला की आनंद होतो. सुलटा दाखवला की तोंड एवढंसं करतोस. मग लोक म्हणतात, द्यावा म्हाताऱ्याला उलटाच. सुलटे पडलेत ज्याच्या त्याच्या खणात."

मर्ल खुर्चीत बसला. आधी त्याला संताप आला, मग हायसं वाटलं, आणि मग पुन्हा संताप आला. एकाहत्तर हा आकडा कार्डांचा नव्हता, केकच्या तुकड्यांचा होता. आता खरा आकडा काढायचा कसा?

इथे सांगितलं पाहिजे की रे बॉन्ट्रेगर राज्याच्या मत्स्यखात्यातून निवृत्त झालेला माणूस. बावीस वर्षं त्याने तळ्यांतले मासे मोजले, आणि त्याबद्दल त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

"सोपंय की," तो केकचा तुकडा तोडत म्हणाला. "तळं उपसून कोण मोजतंय? वीस मासे धरायचे, पंखाचा कोपरा किंचित कातरायचा, सोडून द्यायचे. आठवड्याने पुन्हा जाळं टाकायचं. जाळ्यात आलेल्यांतले निम्मे कातरलेले निघाले, तर समज तळ्यातल्या निम्म्यांना तुझी कात्री लागलीय. म्हणजे तळ्यात चाळीस. डिस्ट्रिक्ट इंजिनियरसुद्धा मान्य करायचा."

"कार्डाला पंख नसतात, रे."

"खूण तर करता येते?"

मर्ल दचकलाच. संग्राहकाच्या घरी जन्म काढलेल्यालाच हे कळेल. कार्डाला बोटाचा ठसा लागला तरी लोक महिनाभर बोलत नाहीत. त्यावर खूण करायची, तीही दुसऱ्याच्या, हे म्हणजे पाहुण्याच्या ताटात थुंकण्यासारखं. मर्ल दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांचा उंचावलेला पेला आठवला, आणि त्याने पेन्सिलीला टोक काढलं.

जागा त्याने मोठ्या विचाराने निवडली. कार्डाच्या मागे बेकरीचा पत्ता आहे, १०४ कॅनॉल स्ट्रीट. त्यातल्या शून्याच्या पोटात एक ठिपका. भिंगाशिवाय दिसणार नाही इतका. शनिवारी साखरेच्या भांड्याआड हात नेऊन त्याने ठिपके दिले. त्याच दिवशी कार्ड फिरून आलं, तर ठिपका सांगायचा. संध्याकाळपर्यंत वीस उलट्यांना आणि दहा सुलट्यांना ठिपका लागला होता. सुलटे आणणाऱ्यांना त्या दिवसापुरते केकचे दोन चौकोन होते.

पुढच्या शनिवारी त्याने आणखी एक नियम केला. आलेलं कार्ड मालकाचं नाव लिहून पाकिटात, परत मिळणार पाच वाजता. म्हणजे एकच कार्ड दोनदा येणार नाही. लोक कुरकुरले, पण केक होता. पाच वाजता मर्ल आणि रे स्वयंपाकघरात दार लावून बसले.

अठरा उलटे आले होते. त्यातल्या बारांच्या पोटात ठिपका.

"दोन तृतीयांश," रे म्हणाला. "म्हणजे तुझे वीस हे सगळ्यांच्या दोन तृतीयांश. एकूण तीस."

नऊ सुलटे आले होते. तिघांनाच ठिपका.

"एक तृतीयांश. म्हणजे तुझे दहा हे सगळ्यांच्या..." रे थांबला. "एकूण तीस."

दोघांनी पुन्हा मोजलं. डॉटीने मोजलं. तीस आणि तीस. उलटा लेफ्टी सुलट्यापेक्षा ना जास्त ना कमी. थोडक्यात, डॉक्टर प्लँक न मोजता जे बोलले होते, नेमकं तेच.

"आता पुढे?" डॉटीने हळूच विचारलं.

"आता काय? जे आहे ते वाचणार," मर्ल म्हणाला. "मी काही तोंड लपवून बसणार नाही."

पण त्याआधी बुधवारी नोंदणीकृत टपालाने पत्र आलं. डॉक्टर प्लँक आपला लेफ्टी, तोही उलटा, कुणीतरी केकसाठी मागून नेऊन परत दिलेला, दात बघायच्या छोट्या आरशाने न्याहाळत होते, आणि त्यांना शून्यात ठिपका दिसला. चाळीस वर्षं लोकांच्या दातांतली कीड शोधणाऱ्या माणसाच्या नजरेतून तो सुटणं शक्यच नव्हतं. पत्रात लिहिलं होतं की सभासद डिट्झलर यांच्यावर कार्डं विद्रूप केल्याचा आरोप असून शुक्रवारी खास सभा बोलावून सुनावणी होईल. तक्रारदार डॉक्टर प्लँक. सुनावणीचे अध्यक्ष डॉक्टर प्लँक. माफी मागून सगळे ठिपके खोडून दिले तर सभासदत्व राहील, नाहीतर नाव कापलं जाईल.

शुक्रवारी तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मासे कुणी खात नव्हतं. टेबलावर डॉक्टरांनी खोडरबरांचा नवा कोरा खोका ठेवला होता. मर्ल आपला चर्चचा कोट घालून आला आणि टेबलासमोर उभा राहिला.

"ठिपके मी दिले," तो म्हणाला. "तीस. कुणाकुणाला ते वहीत लिहिलंय. न विचारता दिले ही माझी चूक, ती मला कबूल. पण मोजल्याबद्दल मी माफी मागणार नाही. आज मागणार नाही, नाव कापलंत तरी मागणार नाही." मग त्याने वही उघडून तीस आणि तीसचा हिशेब वाचला.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच! दोन्ही सारखे!"

"होय डॉक्टर. तुम्ही न मोजता बरोबर निघालात आणि मी मोजून चूक निघालो. पण माझं चुकणं इथे वहीत आहे, पानापानावर, कुणीही तपासावं. तुमचं बरोबर असणं कुठे लिहिलंय, दाखवा."

डॉक्टर लाल झाले. "आधी ठिपके खोडा!" असं म्हणून त्यांनी खोक्यातलं पहिलं खोडरबर उचललं, स्वतःचा लेफ्टी पालथा ठेवला आणि घासला. पन्नास सालचा बेकरीचा पुठ्ठा तो. ठिपका गेला. त्याच्याबरोबर शून्यही गेलं. ऑटरबाइन बेकरी १४ कॅनॉल स्ट्रीटवर आली. डॉक्टर कार्डाकडे बघतच राहिले.

ओबरहोल्ट्झबाईंनी आपलं कार्ड पर्समध्ये टाकून पर्स बंद केली. "माझ्या कार्डाला कुणी हात लावायचा नाही. पन्नास वर्षांत त्याच्याकडे नीट बघणारा हा एक माणूस निघाला. राहू दे त्याचा ठिपका."

मग मागून रेचा आवाज आला. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. "डॉक्टर, ठिपके जात नाहीत असं ठरलं ना? मग बिनठिपक्याचे, अस्सल, जसे छापले तसे उलटे लेफ्टी उरले किती? तिसातले वीस गेले. दहाच की. पंधराच्या आत."

सगळ्यांना हिशेब कळायला क्षणभर लागला. मग एकच गलका झाला. सामान्य असलेला उलटा लेफ्टी मर्लच्या पेन्सिलीने दुर्मीळ झाला होता. नियम डॉक्टरांचाच होता.

डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटली. "थांबा! या दहांत एक कुणाचा आहे? हा माणूस स्वतःचा लेफ्टी मोज्यांच्या खणात ठेवतो, सगळ्या गावाला माहीत आहे. त्याला ठिपका लागला का? नाही लागला! लोकांची कार्डं खराब केली, स्वतःचं स्वच्छ ठेवलं. मोजणी कसली, आपल्या मालाचा भाव वाढवला यानं!"

गलका थांबला. लोक मर्लकडे बघू लागले, आणि त्या बघण्यात थोडा संशय होता. रेसुद्धा बघत होता. मर्लच्या हे खरंच मनात आलं नव्हतं. मोजणाऱ्याने स्वतःच्या कार्डाला हात लावायचा नसतो, एवढाच त्याचा हिशेब होता. आयुष्यात त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून सिगारची डबी काढली. सुनावणीत पुरावा लागला तर असावं म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा ती घराबाहेर आली होती.

डबी उघडून त्याने लेफ्टी बाहेर काढला. त्रेपन्न वर्षांत डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. डॉटी मागच्या रांगेतून उठून उभी राहिली. "मर्ल, नको रे," ती म्हणाली.

मर्लने कार्ड पालथं केलं आणि कानावरची पेन्सिल घेतली. त्याने शून्याच्या पोटात ठिपका दिला, चांगला ठसठशीत, भिंगाशिवाय दिसेल एवढा, आणि कार्ड डॉक्टरांसमोर सरकवलं.

"आता नऊ राहिले," तो म्हणाला. "लिहा डॉक्टर. दुर्मीळ."